प्रकाशक, वितरक आणि ग्रंथनोंदीतील फेरफार



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी तालिकीकरणाचे पहिले धडे गिरवले; आणि पुस्तक हाती आले की प्रस्तावना, अनुक्रमणिका वा शेवटचे प्रकरण यांकडे न वळता शीर्षकपृष्ठाच्या पाठीवरचे बारीक टाइपातले पान आधी वाचावयाचे, असा जो दंडक त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिला, तो आजतागायत माझ्याकडून मोडलेला नाही. वाचक त्या पानावर थांबत नाही. ग्रंथपालाला मात्र पुस्तकाचा जन्मदाखला त्याच पानावर सापडतो, आणि आज आपली ग्रंथालये जुन्या नोंदी नव्या साच्यात ओतण्याच्या उद्योगाला लागलेली असताना सर्वांत मोठा धोका जर कोणत्या मजकुराला असेल, तर तो याच दाखल्यातील प्रकाशक आणि वितरक या दोन नावांना आहे, असे माझे मत असल्यामुळे मी आज हा विषय निवडला.

मराठी पुस्तकाच्या त्या पानावर ‘प्रकाशक’ आणि ‘मुद्रक’ अशा दोन स्वतंत्र ओळी आपणांस इतक्या ओळखीच्या झाल्या आहेत, की त्या तेथे का आल्या हे विचारावेसेही वाटत नाही. त्यांचे मूळ १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यात आहे. छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी यांविषयीच्या त्या कायद्याने, हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणाचे स्थळ, तसेच प्रकाशकाचे नाव व प्रकाशनाचे स्थळ स्पष्ट छापले पाहिजे, असे बंधन घातले; आणि मजकुराबद्दल जाब विचारावयाचा झाल्यास तो कोणाला विचारावा, हे सरकारदरबारी ठाऊक असावे हा त्यामागचा एक उघड हेतू होता. परकी अंमलाच्या संशयातून निघालेल्या या तरतुदीचा एक अनपेक्षित लाभ असा झाला, की पुस्तकाची जबाबदारी कोणाच्या शिरावर होती याचा लेखी पुरावा पुस्तकातच राहिला. आपल्याकडे ‘अमुक प्रकाशन’ या संस्थानामाबरोबरच एका हाडामांसाच्या माणसाचे नाव आणि त्याच्या घराचा वा दुकानाचा पत्ता छापण्याची जी रीत पडली, तिचे कारणही हेच असावे. विक्रेत्यावर मात्र असे कोणतेही बंधन नव्हते. तो आपल्या इच्छेने, आपल्या सोयीने आणि पुष्कळदा आपल्या टाइपात पुस्तकावर येई. ‘एकमेव विक्रेते’, ‘मुख्य विक्रेते’, ‘प्राप्तिस्थान’, ‘वितरक’ अशा नाना उपाध्या धारण करी, आणि त्याचे दुकान पेठेत नावाजलेले असले तर खुद्द प्रकाशकाहूनही ठळक अक्षरांत शीर्षकपृष्ठाच्या तळाशी मिरवे.

प्रकाशकाने पैसा घातलेला असतो, कागद विकत घेतलेला असतो, पुस्तक खपले नाही तर गठ्ठे त्याच्या घरात पडून राहतात, आणि मजकुरावर खटला झाला तर कोर्टाची पायरीही त्यालाच चढावी लागते. वितरक ठरलेल्या कमिशनवर पुस्तक दुकानोदुकानी पोहोचवितो. त्याचे काम हलके नाही, आणि खेडोपाडी पुस्तक गेले ते त्याच्याचमुळे गेले. तथापि त्याची जबाबदारी निराळी, त्याची जोखीम निराळी. एका ग्रंथनोंदीत या दोघांची सरमिसळ झाली तर वाचकाचे फारसे बिघडणार नाही; हजार नोंदींत झाली तर ग्रंथव्यवहाराचा इतिहासच चुकीचा लिहिला जाईल.

डॉ. रंगनाथन यांच्याविषयी मनात पूर्ण आदर ठेवून येथे एक मतभेद नमूद करतो. १९३४ साली सिद्ध झालेल्या त्यांच्या वर्गीकृत तालिकासंहितेत मुख्य नोंदीमध्ये प्रकाशनस्थळ व प्रकाशक यांना जागा दिलेली नाही. सामान्य वाचकाला त्यांचे प्रयोजन नाही आणि ग्रंथालयाच्या कामापुरती ती माहिती दाखलनोंदवहीत असतेच, अशी त्यांची भूमिका होती. वाचकाचा वेळ वाचवावा या त्यांच्याच सूत्राला धरून ती भूमिका सुसंगत आहे. परंतु दाखलनोंदवह्या ग्रंथालयाच्या माळ्यावर जातात, वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतात, आणि मग तालिकेत नसलेली गोष्ट कोठेच नसते, हा अनुभव आपल्या कित्येक जुन्या वाचनालयांनी घेतला आहे. उलट शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील मराठी पुस्तकांची, प्रकाशकाच्या नोंदीसह, दोन भागांत जी ग्रंथसूची रचली, तिच्या आधारावाचून आज या काळातील मराठी ग्रंथव्यवहाराविषयी कोणासही अधिकाराने बोलता येत नाही.

आता यंत्राकडे वळू. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात हेन्रिएट अ‍ॅव्हरॅम या विदुषीने १९६० नंतरच्या दशकात यंत्रवाचनीय तालिकेची जी पद्धती उभी केली, ती ‘मार्क’ या नावाने जगभर पसरली. १९९९ साली अमेरिका व कॅनडा यांच्या पद्धती एकत्र होऊन ‘मार्क २१’ हे रूप सिद्ध झाले, आणि आपल्याकडेही कोहासारख्या संगणकप्रणालींमधून लहानमोठ्या ग्रंथालयांत तेच रूढ झाले. या पद्धतीत नोंदीच्या प्रत्येक अंगाला तीन अंकी क्रमांक असतो. प्रकाशनाच्या तपशिलाचा क्रमांक २६०. त्यातील ‘ए’ या उपक्षेत्रात स्थळ, ‘बी’ या उपक्षेत्रात नाव, ‘सी’ या उपक्षेत्रात वर्ष. मुद्रकासाठी ‘ई’, ‘एफ’, ‘जी’ अशी वेगळी उपक्षेत्रे होती, पण प्रकाशक आणि वितरक मात्र एकाच ‘बी’मध्ये, एकाच पंगतीस बसत. १९७८ च्या आंग्ल-अमेरिकी तालिकासंहितेने नावापुढे चौकटी कंसात ‘वितरक’ असे त्याचे कार्य लिहिण्याची मुभा दिली होती. पण ती मुभाच असल्यामुळे ज्याने लिहिले त्याने लिहिले, आणि ज्याने कार्डावरची जागा वाचविली त्याने वाचविली.

पुढे २०१० मध्ये ‘आरडीए’ ही नवी संहिता आली. निर्मिती, प्रकाशन, वितरण, मुद्रण आणि स्वामित्वहक्काचे वर्ष या पाच गोष्टी तिने एकमेकींपासून स्वच्छ वेगळ्या मानल्या, आणि त्या वेगळ्या ठेवता याव्यात म्हणून २०११ साली मार्कमध्ये २६४ हे नवे क्षेत्र घालण्यात आले. या क्षेत्राचा दुसरा निर्देशक शून्य असेल तर निर्मिती, एक असेल तर प्रकाशन, दोन असेल तर वितरण, तीन असेल तर मुद्रण आणि चार असेल तर स्वामित्वहक्काचे वर्ष. प्रत्येकाची ओळ स्वतंत्र. काँग्रेस ग्रंथालयाने ३१ मार्च २०१३ पासून नव्या संहितेबरहुकूम नोंदी करण्यास आरंभ केला. येथपर्यंत सर्व काही इष्टच झाले, आणि प्रकाशकास व वितरकास आपापला पाट मिळाला याचा माझ्यासारख्या तालिकाकाराला आनंदच आहे. प्रश्न निर्माण झाला तो मागच्या पिढ्यांनी लिहून ठेवलेल्या लक्षावधी नोंदींचा.

जमिनीच्या दप्तराशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांना माझे म्हणणे चटकन पटेल. सातबाऱ्यावरील नाव बदलावयाचे झाले तर तलाठी फेरफाराच्या वहीत नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत नसल्याची खात्री झाल्यावर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. आणि जुने नाव खोडून नाहीसे न करता त्याला कंस केला जातो व शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो. कबजेदार कोण आणि कूळ कोण हे रकाने तेथे वेगळे असतात, आणि वीस वर्षे जमीन कसली म्हणून तलाठी कोणाचेही नाव आपल्या मनाने मालकाच्या रकान्यात चढवीत नाही. ग्रंथनोंदींचे परिवर्तन हाही एक फेरफारच आहे. तो करताना दाखला पाहिला जातो का, जुनी नोंद वाचता येईल अशी राहते का, आणि फेरफार कोणी, कधी व कशाच्या आधारे केला याची खूण उरते का, हे तीन प्रश्न मी प्रत्येक ग्रंथालयाला विचारीत आलो आहे. बहुतेक ठिकाणी तिन्हींचे उत्तर नकारार्थी मिळते.

परिवर्तन करणारी साधने वाईट नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. टेरी रीस यांनी तयार केलेले मार्कएडिट हे साधन कोणासही विनामूल्य मिळते, आणि त्यात २६० चे २६४ करण्याची सोय आहे. मुद्रकाचा मजकूर ‘ई’ व ‘एफ’ मध्ये असेल तर तो तीन या निर्देशकाखाली बिनचूक जाऊ शकतो. वर्षाच्या आकड्याआधी इंग्रजी ‘सी’ हे अक्षर असेल तर ते स्वामित्वहक्काचे वर्ष समजून वेगळे काढता येते. पण वितरक ओळखावयाचा तर यंत्राला एखादा शब्द सापडावा लागतो, आणि इंग्रजी नोंदींसाठी लिहिलेल्या आज्ञावलीला ठाऊक असलेला शब्द म्हणजे ‘डिस्ट्रिब्यूटर’. ‘मुख्य विक्रेते’, ‘सोल एजंट’, ‘प्राप्तिस्थान’, ‘विक्रीची व्यवस्था’, ‘यांजकडे मिळेल’ हे आपले शब्द तिला कोण शिकविणार? शिकविले नाहीत तर ही सर्व नावे निर्देशक एक घेऊन प्रकाशकाच्या आसनावर जाऊन बसतात.

माझ्या स्वतःच्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. एका जुन्या ग्रंथालयात असे परिवर्तन एका रात्रीत पार पडले होते. त्या आधी, कार्डांवरील मजकूर संगणकात भरताना, अनावश्यक चिन्हे समजून चौकटी कंस आणि त्यांतील शब्द काढून टाकले गेले होते, हे नंतर कळले. काही महिन्यांनी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. स्वातंत्र्यपूर्व काळातील कवयित्री आणि त्यांचे प्रकाशक हा तिच्या प्रबंधाचा विषय. आणि त्या ग्रंथालयाच्या तालिकेवरून तिने असा निष्कर्ष काढला होता, की शहरातील एका पुस्तकविक्रेत्याने स्त्रियांच्या कवितासंग्रहांना मोठ्या औदार्याने आश्रय दिला होता. मला शंका आली. आम्ही दोघांनी त्या ग्रंथालयात जाऊन ती पुस्तके कपाटातून एकेक करून खाली काढली, धूळ झटकली आणि पाठीवरचे पान वाचावयास लागलो. पुस्तकामागून पुस्तक उघडत गेलो तो ‘प्रकाशिका’ या शब्दापुढे बहुतेक ठिकाणी त्या कवयित्रीचेच नाव, तिच्याच बिऱ्हाडाचा पत्ता. आणि त्या विक्रेत्याचे नाव खाली, ‘पुस्तक मिळण्याचे ठिकाण’ म्हणून. कोणीही छापावयास पुढे आले नाही म्हणून त्या बायांनी आपल्या संसारातून पैसा काढून ती पुस्तके स्वतः छापून घेतली होती. कार्ड लिहिणाऱ्या जुन्या तालिकाकाराने हा भेद बारकाईने टिपून ठेवला होता. पुढच्या दोन टप्प्यांनी तो पुसून टाकला. प्रबंधाचे ते प्रकरण त्या मुलीने पुन्हा लिहिले. परंतु तिने पुस्तके उघडली नसती तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

सरकारी आणि अर्धसरकारी प्रकाशनांची गुंतागुंत आणखी निराळी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्याचे पहिले अध्यक्ष होते त्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काही ग्रंथ स्वतः प्रकाशित केले, तर काहींना केवळ अनुदान दिले. दोन्ही प्रकारच्या पुस्तकांवर मंडळाचे नाव येते, पण दुसऱ्या प्रकारात प्रकाशक खासगी असतो. मराठी विश्वकोशाचे आरंभीचे खंड या मंडळाचे, आणि १९८० साली विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ झाल्यानंतरचे खंड त्या नव्या मंडळाचे. अशा अनेक खंडांच्या ग्रंथासाठी, तसेच किर्लोस्करवाडीहून १९२० साली निघालेल्या आणि पुढे नाव व गाव दोन्ही बदललेल्या ‘किर्लोस्कर खबर’सारख्या नियतकालिकांसाठी, २६४ चा पहिला निर्देशक मोठ्या उपयोगाचा आहे: तो रिकामा असता मूळचा प्रकाशक, दोन असता मधला, तीन असता सध्याचा वा शेवटचा. ही सोय यंत्राला आपोआप वापरता येत नाही; ती वापरणाऱ्याला त्या ग्रंथाचे चरित्र माहीत असावे लागते.

वर्षांविषयी थोडे. एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांवर शालिवाहन शक असतो, आणि शके १८०५ म्हणजे इसवी सन १८८३ च्या चैत्रापासून १८८४ च्या फाल्गुनापर्यंतचा काळ. तेव्हा नुसते अठ्ठ्याहत्तर मिळवून एकच इसवी सन ठोकून देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुस्तकावरचा शक तसाच उतरवावा आणि दोन्ही इसवी सने कंसात द्यावीत. आपल्याकडे स्वामित्वहक्काच्या खुणेपुढे बहुधा पहिल्या आवृत्तीचे वर्ष असते, आणि तिसरे पुनर्मुद्रण हाती असतानाही यंत्र तेच प्रकाशनवर्ष धरते. ज्या पुस्तकावर वर्षच नाही त्याच्या बाबतीत पत्ताच साक्षीला येतो: ‘पुणे ३०’ किंवा ‘मुंबई ४’ असा त्रोटक विभागक्रमांक दिसला तर त्यावरून फारसे ठरत नाही, पण ‘४११०३०’ असा सहा अंकी पिनकोड असेल तर ते पान १५ ऑगस्ट १९७२ पूर्वी छापलेले असूच शकत नाही, कारण ती पद्धत त्या दिवशी सुरू झाली. नोंदीत पत्ता उतरवीत नाहीत, म्हणून ही साक्ष देण्यास पुस्तकच लागते. आणि ज्या पुस्तकावर ‘बॉम्बे’ छापले आहे त्याच्या नोंदीत, १९९५ च्या नामांतराच्या उत्साहाने, एका आज्ञेसरशी ‘मुंबई’ करू नये. जे छापले आहे ते उतरवावे हे नव्या संहितेचे पहिले तत्त्व आहे.

समुद्रापलीकडेही मराठी पुस्तकांच्या नोंदी आहेत. काँग्रेस ग्रंथालयाचे दिल्लीतील कार्यालय १९६२ मध्ये उघडले, आणि अमेरिकेच्या गहूविक्रीतून साचलेल्या रुपयांतून भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन तेथील विद्यापीठांना पाठविण्याची योजना त्याच वेळी सुरू झाली. त्या पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत झाल्या. ‘वितरक’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला गेला म्हणजे इंग्रजी शोधणाऱ्या यंत्राला तो प्रकाशकाच्या नावाचाच भाग वाटतो. पुढे काही नोंदींना देवनागरी मजकुराची जोड ८८० या क्षेत्रात दिली गेली, आणि हे क्षेत्र आपल्या रोमन जोडीदाराशी क्रमांकाने बांधलेले असते. रोमन मजकूर २६४ मध्ये हलविला आणि देवनागरी मजकुराच्या दोरीवर २६० हाच क्रमांक राहिला, तर ती जोडी तुटते.

तर करावे काय? माझे मत निश्चित आहे, आणि त्याला खुद्द मार्कचाच आधार आहे. मार्कने २६० हे क्षेत्र रद्द केलेले नाही; जेथे कार्यांचा भेद केलेला नसेल तेथे ते उपयुक्त आहे, असे त्यात आजही म्हटलेले आहे. म्हणून ज्या नोंदीत एकच नाव, एकच स्थळ आणि एकच वर्ष आहे आणि ते प्रकाशकाचे असल्याबद्दल शंका नाही, ती यंत्राने खुशाल बदलावी. ज्या नोंदीत दोन नावे आहेत, किंवा जे एकच नाव आहे ते पुस्तकविक्रीच्या दुकानाचे असल्याचा संशय आहे, ती पुस्तक हाती येईपर्यंत २६० मध्येच राहू द्यावी. पुस्तक पाहूनही प्रकाशक सापडला नाही, तर तो ओळखता आला नाही असे स्पष्ट लिहावे आणि वितरकाला दोनच्या निर्देशकाखाली त्याचे स्वतःचे स्थान द्यावे. नव्या संहितेची अपेक्षा हीच आहे. परिवर्तनापूर्वीच्या सर्व नोंदींची एक प्रत, तारीख घालून, बाजूला जपावी. काही वर्षांनी ‘बिबफ्रेम’ ही पुढची पद्धती सर्वत्र येईल. तीतही प्रकाशन आणि वितरण ही दोन वेगळी कार्ये आहेत, आणि आज जे नाव चुकीच्या कार्याखाली जाईल ते तेथेही त्याच कार्याखाली पोहोचेल.

मनुष्यबळ कोठून आणावे, असा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो, आणि तो खोटा नाही. अनुदान अपुरे आहे, जागा रिकाम्या आहेत, आणि ग्रंथपालाला वर्गणीच्या पावत्यांपासून छपराच्या गळतीपर्यंत सर्व पाहावे लागते, हे मी जाणतो. पण शीर्षकपृष्ठ आणि त्याच्या पाठीवरचे पान यांचे छायाचित्र काढण्यास आज प्रत्येकाच्या खिशात साधन आहे. दिवसाला वीस पुस्तकांची ही दोन पाने टिपली तरी वर्षभरात काही हजार दाखले हाती येतील, आणि मग तालिकाकार कोठेही बसून त्या नोंदी तपासू शकेल.

श्रोत्यांतील प्रत्येकास माझी एक विनंती आहे. आपल्या घरी आजीने, पणजीने, एखाद्या काकांनी वा गावातल्या शाळामास्तरांनी पदरमोड करून छापलेले पुस्तक असेल, तर ते घेऊन या आठवड्यात आपल्या जवळच्या ग्रंथालयात जा, त्याची नोंद तेथे आहे का ते विचारा, आणि असली तर प्रकाशकाच्या जागी कोणाचे नाव लिहिले आहे ते पुस्तक शेजारी ठेवून स्वतः वाचून पाहा. चूक आढळली तर ग्रंथपालांना ते पान दाखवा.